कोट, अंगठी आणि पायताण

मागच्या आठवड्यात पाठवलेला व्हिडिओ तुम्ही दोघांनी पाहिलात आणि एकच प्रश्न विचारलात, "आजी, ते माकडटोपीवाले आजोबा लंगडतात का?" आजीने नऊवारी का नेसली आहे, मागे एवढी गर्दी कसली, यातलं काही तुम्हाला विचारावंसं वाटलं नाही. असो. प्रश्न चांगला आहे. त्याचं उत्तर एका ओळीचं आहे आणि ती ओळ मी शेवटी लिहिणार आहे, कारण आधी तो माणूस तुम्हाला कळायला हवा. सारी हयात इंग्रजीचं व्याकरण शिकवल्यामुळे मला सगळं क्रमाने सांगायची सवय आहे. हा माणूस क्रमात बसत नाही. मी प्रयत्न करते.

त्यांना सगळे सर म्हणतात. त्यांनी आयुष्यात कुणाला काही शिकवलेलं नाही. सांगलीकडच्या एका मोठ्या दवाखान्यात ते एक्स-रे काढायचे. निवृत्त झाल्यावर साताऱ्यात आपल्या ख्रिस्ती मंडळीचं कॉलेजच्या मुलामुलींचं वसतिगृह आहे, तिथे रेक्टर म्हणून आले. दर वर्षी जानेवारीत ते वसतिगृहातली चौदा मुलं जुन्या मिनीबसमध्ये भरतात आणि ढोलकी, टाळ, पेटी घेऊन सहा दिवस गावोगाव हिंडतात. भजनं गातात आणि एक नाटक करतात. बरोबर मुली असतात, म्हणून एखादी वयस्कर बाई लागते. नेहमीच्या बाईंचा गुडघा दुखावला, म्हणून यंदा मंडळीचे पाळकसाहेब माझ्याकडे आले. मी म्हटलं, "विचार करून सांगते." विचार काय करायचा होता? ते फाटकाबाहेर पडायच्या आत मी माळ्यावरची बॅग काढली होती.

सर एक्स-रेच्या खोलीतून निवृत्त झाले, पण ती खोली त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. कुठलंही दार उघडण्यापूर्वी ते दोनदा टकटक करतात आणि विचारतात, "उघडू का?" पूर्वी फिल्म अंधाऱ्या खोलीत धुवायची असे. मध्येच कुणी दार उघडलं की फिल्म वाया. ती सवय आता बसच्या दाराला, स्वतःच्या कपाटाला, रिकाम्या न्हाणीघरालासुद्धा लागू आहे. एकदा मी त्यांना डब्याच्या झाकणावर टिचकी मारून "उघडू का?" म्हणताना पाहिलं. आत चपात्या होत्या.

नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत. हाडं राहतात. बस कुठेही थांबली की कुणीतरी धावत येतं.

"आवं सर! वळकलं का? तुमी माझा फोटू काढलेला."

सर टोपी वर करून त्याला आपादमस्तक बघतात. "कुठला?"

"खुब्याचा."

"डावा. बैलगाडीवरून पडला होतास. आता मांडी घालून बसतोस का?"

"बसतो की!"

"मग नाटकाला पुढं बस."

प्रयोग सुरू होण्याआधी ते मुलांना ओळीत उभं करतात. प्रार्थना होते, आमेन होतं, आणि मग सर हात वर करून म्हणतात, "श्वास घ्या. धरून ठेवा." मुलं गाल फुगवून उभी राहतात. सर एकेकाच्या तोंडाकडे बघत शेवटपर्यंत जातात आणि मग म्हणतात, "सोडा." त्यानंतर कुणाचेही पाय लटपटत नाहीत. माझे लटपटले नाहीत, म्हणून सांगते.

आता नाटक. उधळ्या पुत्राची गोष्ट तुम्हाला संडेस्कूलमुळे माहीत आहे. धाकटा मुलगा वाटणी मागून घेतो, परदेशी जाऊन सगळं उधळतो, भुकेकंगाल होऊन परत येतो. बाप त्याला रागावत नाही. अंगावर चांगला झगा, बोटात अंगठी, पायात जोडे घालतो आणि मेजवानी देतो. थोरला शेतातून येतो, वाद्यं ऐकतो, रुसून दारातच उभा राहतो. गोष्ट तिथेच संपते. थोरला आत गेला की नाही, हे शास्त्र सांगत नाही.

सरांचे या नाटकाबद्दल तीन कडक नियम आहेत. पहिला, झगा, अंगठी आणि जोडे आपल्याबरोबर न्यायचे नाहीत. ते त्या गावात उसने मागायचे. झग्याच्या जागी कोट चालतो, जोड्यांच्या जागी कुठलंही पायताण. दुसरा, तिन्ही वस्तू मिळाल्याशिवाय नाटक सुरू करायचं नाही. तिसरा, प्रयोग संपला की वस्तू पुसून स्वच्छ करून सरांनी स्वतः, त्याच दिवशी, देणाऱ्याच्या दारात हातात नेऊन द्यायची.

मी विचारलं, "सर, एक जुना कोट बसमध्ये ठेवला तर काय बिघडेल?"

"गोष्ट आपली आहे, बाई. पाहुणचार गावाचा. ज्या गावानं कपडा दिला नाही, त्या गावात मुलगा परत आलाच नाही. मग आपण नाटक कशाचं करायचं?"

बापाचं काम नर्सिंग करणारी निर्मला करते. फलटणची, जेमतेम पाच फूट उंच. कापसाच्या मिशा लावून ती अशी खाकरते की पुढे बसलेले म्हातारे सावरून बसतात. धाकटा मुलगा म्हणजे शलमोन, ताडमाड आणि सदा भुकेला, त्यामुळे त्याला अभिनय फार करावा लागत नाही. थोरल्याचं काम मात्र सर कुणालाही देत नाहीत. ते स्वतः करतात.

प्रवासाचं वेळापत्रक मी केलं. टाइप करून, प्लॅस्टिकमध्ये घालून प्रत्येकाला दिलं. पाचव्या दिवसावर एक जागा रिकामी होती. कडेगावच्या पुढच्या एका गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापिकेचा फोन आला, "आमच्याकडे या." मी ते गाव लिहून टाकलं. सरांनी कागद हातात घेतला, उजेडासमोर धरला (ते वर्तमानपत्रही तसंच वाचतात) आणि बराच वेळ धरून ठेवला.

"काही चुकलं का?"

"नाही. इथं पायताण मिळणार नाही."

मला वाटलं, थट्टा करताहेत.

त्या गावाचं कोडं मला तिसऱ्या दिवशी कराडला चहाच्या गाडीपाशी उलगडलं. मुलं वडापाव खात होती. सर बशीतला चहा फुंकत म्हणाले, "बाई, ते गाव माझं आहे."

मग त्यांनी सगळं सांगितलं, एक्स-रेचा अहवाल द्यावा तसं, कमीत कमी शब्दांत. वडील लवकर गेले. थोरल्या भावाने, दादाने, स्वतःची शाळा सोडली, शेत ओढलं आणि धाकट्याला शिकवलं. धाकटा दवाखान्यात नोकरीला लागला, तिथल्या उपासनेला जाऊ लागला, बाप्तिस्मा घेतला आणि मग घरी सांगायला गेला. "आधी विचारायला जायला हवं होतं," सर म्हणाले. "निर्णय तोच घेतला असता. पण विचारायला हवं होतं." दादा ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "मला न इचारता गेलास. आता ह्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा न्हाई." वाटणीच्या कागदावर सरांनी सगळं दादाच्या नावे करून दिलं. गोष्टीतल्या मुलासारखी त्यांनी वाटणी घेतलीही नाही आणि उधळलीही नाही. तरी परत जायचं दार त्यांना नव्हतं.

"मग कधीच भेट नाही?"

"एकदा. खोकल्यासाठी छातीचा एक्स-रे काढायला आला. चिठ्ठीवर नाव वाचलं आणि वर बघतो तर समोर दादा. मी म्हणालो, सदरा काढा. सख्ख्या भावाला 'काढा' म्हणालो. हनुवटी वर करा. श्वास घ्या. धरा." सरांनी बशी खाली ठेवली. "फोटो काढला. आणि 'सोडा' म्हणायचं विसरलो. सबंध नोकरीत एकदाच. काचेआड बघत उभा राहिलो. त्यानंही सोडला नाही. तोंड लाल होईपर्यंत धरून ठेवला, मग खोकल्याची उबळ आली, सदरा घेतला आणि गेला."

"दवाखाना सोडा, तुम्ही घरी जाऊन..."

"उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही म्हणाला आहे, बाई. दादाचा शब्द मी एकदा मोडला. दुसऱ्यांदा मोडणार नाही. त्यानं बोलवायला पाहिजे."

शलमोनने वडापाव अर्धाच खाल्ला होता. त्याने हे सगळं ऐकलं होतं. पाच मिनिटांत बसमधल्या चौदाही जणांना कळलं की पाचव्या दिवशी आपण सरांच्या गावात नाटक करणार आहोत आणि सरांचा दादा तिथे आहे. त्यानंतर दोन दिवस बसमध्ये जी कुजबुज चालली! मुली प्रार्थना करत होत्या, मुलगे डाव आखत होते. निर्मला म्हणाली, "मी जाऊन त्यांच्या पाया पडते." शलमोन म्हणाला, "तू मिशा लावून जा, तेच तुझ्या पाया पडतील." मी सगळ्यांना गप्प बसवलं. पण मलाही रात्री झोप लागत नव्हती, ती डासांमुळे नव्हे.

सांगायचं राहिलं. नाटकाचा शेवट सर कसा करतात ते ऐका. घर म्हणजे जमिनीवर पांढऱ्या फक्कीने आखलेला चौकोन, कबड्डीचं मैदान आखतात तसा. दारापुढे उंबऱ्याची रेघ. चौकोनात ढोलकी वाजत असते आणि सर, म्हणजे थोरला भाऊ, डोक्यावर उसाच्या वाड्याची, म्हणजे हिरव्या शेंड्यांची, पेंढी घेऊन येतात. आतला आनंद बघतात. बाप बाहेर येऊन विनवतो. आणि थोरला प्रेक्षकांकडे वळून विचारतो, "आता तुम्हीच सांगा. आत जावं का न जावं?"

यावर गाव जे काही करतं ते पाहण्यासाठीच त्या बसमध्ये बसावं. फलटणजवळच्या गावात सरपंचांनी आधी सरांना बाजूला घेऊन विचारलं होतं, "सर, ह्यात धरम बदला वगैरे काय न्हाई ना?" सर म्हणाले, "नाटक आहे. शेवट तुम्हीच करायचा." तेच सरपंच शेवटी पहिल्यांदा उठले. "आत कशाला जायचं? वाटणी घिऊन गेलेला गडी परत आलाय! पयला सातबारा बघा, मग मिठ्या मारा!"

हशा पिकला. मागून एक म्हातारे म्हणाले, "तू गप रं. तुझा भाव पुण्याहनं आला की तूच कोंबडं कापतोस."

"आवं, ते कोंबडं त्याच्याच पैशाचं असतंय!"

मग बायकांतून एक उंच आवाज आला. "सगळं खरं. पर ह्या घरात आई कुठं हाय? पोरगा मरनाच्या दारातनं आला, बाप पळतोय, भाव रुसतोय, आन् आईचा पत्ताच न्हाई?"

आईचा प्रश्न घेऊनच बसने तालुका ओलांडला. मग सर मागे वळून म्हणाले, "बाई, नऊवारी नेसता येते का?"

अशा रीतीने तुमच्या आजीने एकाहत्तराव्या वर्षी रंगभूमीवर पाऊल ठेवलं. संवाद एकही नाही. चौकोनात बसायचं, मुलगा आला की तोंडावरून हात फिरवायचा आणि सगळ्यांना मेजवानी वाढायची. शास्त्रात तिथे पुष्ट वासरू आहे. सरांनी त्याचे गूळ-शेंगदाणे केले आहेत. यावर मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी हरकत घेतली होती. सर त्यांना म्हणाले, "वासरू कापणारा बाप इथं कुणाला पटणार नाही. गूळ देणारा पटतो." कुंडलला मी पहिल्यांदा चौकोनात बसले. मला इतका आनंद झाला होता की पहिल्या फेरीतच सगळा गूळ वाटून टाकला.

कुंडललाच अंगठीचा घोटाळा झाला. एका नव्या सुनेने हौसेने स्वतःची अंगठी दिली. निर्मलाने ती जोशात शलमोनच्या बोटात कोंबली आणि प्रयोगानंतर ती निघेना. सुनेचा चेहरा उतरला, सासू कमरेवर हात ठेवून उभी. शलमोन म्हणाला, "सर, बोट कापा, पण आईला सांगू नका."

"हाड बारीक आहे, सूज आहे," सर म्हणाले. "दोरा आणा."

त्यांनी दोऱ्याचं टोक अंगठीखालून सरकवलं, उरलेला दोरा बोटावर घट्ट गुंडाळला आणि मग ते टोक ओढत उलगडायला लागले. दोऱ्यावरून अंगठी फिरत फिरत टपकन बाहेर आली. टाळ्या पडल्या. पण सरांनी ती तिथल्या तिथे दिली नाही. धुतली, पुसली आणि सुनेला म्हणाले, "तू घरी हो पुढं. मी दारात आणून देतो." शंभर पावलांवरच्या घरी जाऊन त्यांनी टकटक केली, "उघडू का?" विचारलं आणि अंगठी दिली. सासू म्हणाली, "आवं, दार उघडंच हाय की! या, च्या घ्या."

आणि मग पाचवा दिवस उगवला. रस्त्यात उसाच्या ट्रॉल्यांमुळे बस मुंगीसारखी चालली होती. सर ड्रायव्हरच्या मागे ताठ बसले होते. रोज खडूने पांढरे होणारे त्यांचे कॅनव्हासचे बूट आज दोनदा पांढरे झाले होते.

दुपारी तीनला शाळेच्या पटांगणात उतरलो. मुलं वस्तू मागायला पांगली. अर्ध्या तासात कोट आला, एका फौजी जवानाच्या बायकोने दिलेला, इस्त्रीचा, पितळी बटणं चमकत असलेला. मुख्याध्यापिकेने स्वतःची अंगठी काढून दिली. पायताण मात्र येईना. निर्मला चार घरं फिरून आली. चारी दारांत चपलांचे ढीग होते आणि चारी ठिकाणी एकच उत्तर. शेवटी सरांचा एक बालमित्र डोकं खाजवत आला.

"गड्या, राग मानू नगंस. पायताणाला तोटा न्हाई. पर तुझ्या थोरल्याच्या आधी आमी कसं देनार? पयलं त्याच्या घरनं येऊ दे, मग हजार जोडं आनतो."

गावाची रीत ती. थोरल्याच्या आधी कुणी पुढे व्हायचं नाही. त्या माणसाला प्रामाणिकपणे वाईट वाटत होतं.

तेवढ्यात शलमोन धापा टाकत आला. त्याने डाव आखला होताच. तो सरळ दादांच्या घरी गेला होता.

"काय म्हणाले?" आम्ही सगळ्यांनी एकदम विचारलं. सर फक्कीची पिशवी घेऊन उभे होते.

"ओसरीवर बसले होते. मी म्हटलं, नाटकासाठी पायताण पाहिजे. त्यांनी विचारलं, परत कोन आनून देतंय? मी म्हटलं, सर स्वतः, दारात. मग म्हणाले, बरं. आणि आत गेले. मी थांबलो, पण बाहेर आलेच नाहीत."

पटांगण भरलं होतं. मागे ट्रॅक्टरवरसुद्धा माणसं बसली होती. सरांचा नियम मला माहीत होता. मी पेटी परत बसमध्ये ठेवायला सांगणार इतक्यात सर म्हणाले, "ओळीत उभे राहा." मग थोडं थांबून, "आज मुलगा अनवाणीच राहील." प्रार्थना झाली. "श्वास घ्या. धरा. सोडा." मुलांनी सोडला. सरांची छाती हललेली मला दिसली नाही.

मुलं त्या दिवशी जशी खेळली तशी कधी खेळली नव्हती. शलमोन रस्त्याच्या टोकापासून खुरडत आला. निर्मला मिशा सांभाळत अशी धावली की पोरं ओरडली, "पळ म्हाताऱ्या!" कोट चढवला. अंगठी फक्त करंगळीत. मग बाप खाली वाकला, अनवाणी पायांपाशी क्षणभर थांबला आणि तसाच उठला. गावाने ते पाहिलं. कुणीतरी खाकरलं. ढोलकी सुरू झाली. वाड्याची पेंढी डोक्यावर घेऊन सर आले, उंबऱ्याच्या रेघेशी थांबले, गर्दीकडे वळले.

"आता तुम्हीच सांगा. आत जावं का न जावं?"

पार मागून आवाज आला.

"कोन इचारतंय?"

गर्दी आपोआप दुभंगली. एक उंच म्हातारा माणूस काठी टेकत चालत आला. धुवट धोतर, टोपी, पायात भक्कम कातडी पायताण. सर जागचे हलले नाहीत.

"थोरला," सर म्हणाले.

"थोरला मी हाय. तू सरक."

कुणीतरी हसलं. दादा सरांच्या अगदी समोर येऊन उभे राहिले. पुढचं ते हळू बोलले, पण मी चौकोनात चार हातांवर होते, मला स्पष्ट ऐकू आलं.

"तवा तू मला सोडा म्हनला न्हाईस. मी तुला म्हनतो. सोड."

सरांनी श्वास सोडला. डोक्यावरची पेंढी घसरून खाली पडली.

दादा रेघेकडे वळले. फक्कीची रेघ ती, वाऱ्याने निम्मी उडालेली. त्यांनी उंबऱ्याबाहेर काढावीत तशी पायताणं काढून बाजूला सारखी ठेवली आणि आत आले. चौकोनात अंथरलेल्या घोंगडीवर बसले. शलमोनला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "लय वाळलास." मग माझ्याकडे बघितलं.

"ही कोन?"

बापाच्या मिशांआडून निर्मला पुटपुटली, "आई."

त्यांनी टोपी काढली. मी त्यांच्याहून लहान असेन. त्यांनी हात पुढे केला आणि मी त्यावर गूळ-शेंगदाणे ठेवले. अर्धे शेंगदाणे घोंगडीवर पडले. त्यांनी ते एकेक करून वेचले आणि खाल्ले. "गूळ चांगला हाय," एवढं म्हणून ते उठले आणि चौकोनाच्या दुसऱ्या बाजूने, अनवाणी, घराकडे चालू लागले.

पायताणं रेघेशी तशीच होती.

निर्मलाचं मी आयुष्यभर कौतुक करीन. ती रेघेपर्यंत गेली, दोन्ही हातांनी ती पायताणं उचलून आणली आणि शलमोनच्या पायांत घातली. मग मात्र पटांगण फुटलं! शिट्ट्या, टाळ्या, ट्रॅक्टरचा हॉर्न. ढोलकीवाल्या पोराने काय ताल धरला ते त्याचं त्यालाही माहीत नव्हतं. सरांचा बालमित्र "आनू का रं हजार जोडं?" म्हणून ओरडत होता. मी एका हाताने डोळे पुसत होते आणि दुसऱ्याने शेजारच्या पोरांना गूळ वाटत होते.

प्रयोग संपल्यावर शलमोन म्हणाला, "सर, मी पळत जाऊन देऊन येऊ?"

"नियम काय आहे?"

सर्वांनी एका सुरात नियम सांगितला. शलमोनला तो तोंडपाठ होता. मुद्दामच विचारलं होतं त्याने. दादांनीही तो ऐकला होता, आधी, ओसरीवर.

सरांनी रुमालाने पायताणं पुसली. टाचा, अंगठे, बंद. मग ओली फिल्म कडेने धरतात तशी ती दोन्ही हातांत धरून ते रस्त्याने निघाले. घर बसमधून दिसत होतं. आम्ही सगळे एका बाजूच्या खिडक्यांना चिकटलो, इतके की ड्रायव्हर म्हणाला, "बस कलंडंल, आवं!" दार सताड उघडं होतं. सर उंबऱ्याशी थांबले. चौकटीवर त्यांनी दोनदा टकटक केली. ओठ हललेले दिसले नाहीत, पण चौदा मुलं एकदम पुटपुटली, "उघडू का?"

आतून काय उत्तर आलं ते कुणालाच ठाऊक नाही. सर आत गेले.

आम्ही सर येण्याची वाट बघत बसलो, कारण कोट आणि अंगठीही त्यांनीच नेऊन द्यायची होती. माझ्या वेळापत्रकाप्रमाणे आम्ही पाचला निघणार होतो. मी दोनदा घड्याळ पाहिलं, मग ते पर्समध्ये ठेवून दिलं. ऊन उतरून शेतातले उसाचे तुरे तांबूस झाले तेव्हा सर बाहेर आले. चालण्यात काहीतरी वेगळं होतं. जवळ आल्यावर दिसलं. कॅनव्हासचे पांढरे बूट पायात नव्हते.

"सर, पायताण परत दिलं नाही?" मी विचारलं. "नियम?"

"घेतलं नाही." त्यांच्या मिशीला भाकरीचा चुरा लागला होता. "म्हणाला, तुझे बूट राहू देत हितं, हे घालून जा. पुढच्या खेपेला आनून दे." मग बसच्या उघड्या दाराकडे बघून त्यांनी मुलांना ओरडून विचारलं, "अजून कोट घडी केला नाही? उशीर किती झालाय!"

दुसऱ्या दिवशी सांगलीला शेवटचा प्रयोग झाला. तुम्ही पाहिलात तो व्हिडिओ तिथला. थोरल्याचं काम सरांनी त्या दिवशी शलमोनला दिलं, धाकट्याचं दुसऱ्या एका मुलाला, आणि स्वतः चौकोनाभोवती टाळ वाजवत फिरले. म्हणून ते तुम्हाला सारखे चालताना दिसतात.

तर तुमचं उत्तर. सर लंगडत नाहीत. त्यांच्या दादाचा पाय एका नंबराने मोठा आहे.